आधी समोरच्याची बाजू

कमलाकांतने एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा लालबागच्या त्या चाळीतल्या निम्म्या लोकांची समजूत झाली की पोरगा ज्योतिष शिकतोय. तळमजल्यावरची एक बाई, हरवलेली कोंबडी कुठल्या दिशेला गेली ते विचारायला आली. कमलाकांतने मुळात कोंबडी आहे हे आपल्याला कशावरून कळतं, इथून सुरुवात केली. बाई बिचारी ऐकत राहिली आणि त्याचं बोलणं संपेतो शेजारच्या खोलीत कोंबडी शिजून, खाऊन, लोक हातसुद्धा धुऊन बसले होते म्हणे.

तेव्हापासून नळावर, जिन्यात, न्हाव्याच्या दुकानात, जो भेटेल तो एकच विचारी, "काय रे फिलॉसॉफर, ह्या शिकण्याचं पुढं होणार काय?" त्याचा बाप गुणाजी गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होता. त्यालाही लोक साच्यांच्या खडखडाटातून ओरडून हेच विचारत. तो खडखडाट असा की त्यात ढग गडगडला तर ढगालाच ऐकू जाऊ नये. पण गुणाजीचं उत्तर थेट फाटकापर्यंत पोचायचं, "गणपतीत बघा! माझो झील भाषण करतलो!"

छप्पन सालचा गणपती. विषय होता 'मुंबई कुणाची?' चाळीने ऐकून मान डोलावली, तर बापलेकांना ताठ मानेने जिना चढता येणार होता. नाही तर जन्मभर कोंबडी होतीच.

त्याच वर्षी जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पहिल्या मजल्यावरच्या बकुळाबाईंचा बंडू गेला होता. वीस वर्षांचा, कमलाकांतबरोबर गोट्या खेळलेला. मंडळाचे चिटणीस चिंतामणराव यांनी बकुळाबाईंना मुद्दाम पुढच्या रांगेत खुर्ची दिली. बंडूचं नाव घेऊन संपणारा भाषणाचा दुसरा भाग कमलाकांतने त्यांच्यासाठीच तयार केला होता.

पण पहिला भागही होता ना! कॉलेजातल्या सरांनी त्याच्या हाडीमासी एक गोष्ट भिनवली होती. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की त्याला स्वतःलाही ती तितकी नेटकी मांडता येऊ नये. मग ती खोडायची. आणि मांडताना मधूनमधून 'हे माझं मत नव्हे हं' असं म्हणत राहायचं नाही, तो भित्रेपणा.

कमलाकांत भित्रा नव्हता.

"मुंबई कुणा एका भाषेची नाही," त्याने सुरुवात केली. "आधी बंदर झालं. आपण मागाहून बोटीत बसून आलो. पाहुण्याने घरावर हक्क सांगावा काय?"

मांडवात चुळबुळ झाली. कमलाकांतला वाटलं, लोक विचारात पडले. त्याला हुरूप आला. त्याने भांडवल सांगितलं, व्यापार सांगितला. मुंबई वेगळीच का ठेवावी ते असं बिनतोड सांगितलं की खुद्द दिल्लीला सुचलं नसतं.

"कोणी पाठवला रे तुला?" मागून आवाज आला.

"खाली उतरवा त्याला!"

"थांबा, पुढं ऐका तरी!"

"पुढं काय ऐकायचं? बकुळाबाई समोर बसल्यात, दिसत नाहीत?"

चपला हातात आल्या. बाह्या वर सरकल्या. तेव्हा चिंतामणरावांनी प्रसंगावधान राखून आरती सुरू केली. आरती चालू असताना कोण कुणाला मारणार? चपला खाली पडल्या, टाळ्या सुरू झाल्या. डोळे मात्र कमलाकांतवरून हलेनात. एक आरती संपली की रागाने दुसरी, ती संपली की तिसरी. त्या दिवशी लालबागने इतक्या आरत्या म्हटल्या की बाप्पालासुद्धा अवघडल्यासारखं झालं असेल. कमलाकांतही टाळ्या वाजवत उभा होता. दुसरा भाग त्याच्या तोंडात तसाच राहिला.

प्रसाद वाटायला बकुळाबाई होत्या. त्याच्यापुढे येऊन त्यांचा हात थांबला.

"काकी, माझं अर्धंच झालं होतं..."

"देवाचो आसा, म्हणून देतंय," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हाताला आपला हात लागू न देता त्यांनी वरून प्रसाद टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरगावातले एक गृहस्थ चाळीत आले. कडक इस्त्रीचा कोट, हातात छत्री. मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्या एका मंडळाची पत्रकं ते लिहून घेत, हे चाळीलाही ठाऊक होतं. गॅलरीत बाकड्यावर बसून त्यांनी सगळ्यांच्या देखत कमलाकांतचे हात हातात घेतले.

"काल मी मागे उभा होतो. आमची बाजू आम्हालाही इतकी कळली नव्हती. आमच्याकडे लिहायला या."

"ती माझी बाजू नाही. दुसरा भाग राहिलाय," कमलाकांत म्हणाला.

"असं? ऐकवा की."

त्याला कुणी प्रथमच 'ऐकवा' म्हटलं होतं. त्याने ऐकवलं. सगळं. हातवारे करत, डोळ्यांत पाणी आणत, बंडूच्या नावापर्यंत. समोरच्या गॅलरीतून, नळावरून, जिन्यातून चाळ पाहत होती. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. एवढंच दिसत होतं की गुणाजीचा झील कोटवाल्याशी अगदी जीव तोडून बोलतोय.

"उत्तम," गृहस्थ उठले. "पण ह्याचा आम्हाला काय उपयोग? आणि असं मत असेल, तर नोकरीचंही जमायचं नाही." छत्री उचलून ते निघून गेले.

गुणाजी दुसऱ्या पाळीला निघाला होता. दारात उभं राहून त्याने सारं ऐकलं होतं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

"बाबा, ऐकलात ना? तुम्ही तरी सांगा चाळीला."

गुणाजीने डबा घेतला.

"ऐकलंय. बरा बोललंस. पण दुसरो भाग तू तेका सांगलंस. आमका पयलोच दिलंस."

तो जिना उतरला तेव्हा नळावरच्या बायकांनी बादल्या बाजूला ओढून त्याला वाट करून दिली. कुणी काही विचारलं नाही.