मी गिळलेला ‘नका’

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या फळीवर, साखरेच्या आणि पिठाच्या डब्यांना खेटून बसलेला हा जुना चौदा इंची टीव्ही म्हणजे मी. माझी काच जरा पिवळी पडली आहे. आवाजाचे बटण केव्हाच तुटले, त्यामुळे तिथे काडी खुपसून आवाज वाढवावा लागतो. पण म्हातारपणाची रड ऐकवायला मी तोंड उघडलेले नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाला, त्याची काडीइतकी चूक नसताना, स्वतःच्याच घरात मान खाली घालावी लागली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांवरून सरकत सरकत मी तयार झालो. अगदी शेवटच्या टेबलाशी जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्यांनी मला सुरू केले, माझ्या जाळीला कान लावला आणि “गळा चांगला आहे हो ह्याचा” असे म्हणून माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे मिरवलो.

ह्या घरात मी आलो तेव्हा माझी जागा बाहेरच्या खोलीत होती. बातम्या असोत नाहीतर सामने, सगळे माझ्यासमोर मांडी ठोकून बसत. मग एक दिवस भिंतीवर टांगायचा, अंगाने फळकुटासारखा नवा टीव्ही आला आणि माझी उचलबांगडी झाली. मला स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर ठेवले. मला वाटले, संपला आपला खेळ. पण माझे खरे सुखाचे दिवस तिथेच सुरू झाले, आणि ते आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे ह्या घरातले आजोबा. एकतीस वर्षे ते कोर्टात लघुलेखक होते. लोक बोलत तितक्याच वेगाने ते रेघा, आकडे आणि ठिपके यांच्या खुणांनी सगळे टिपून घेत. निवृत्त झाले, पण हात काही स्वस्थ बसेना. मुलगा बस चालवायला जायचा, सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर घरात आप्पा आणि मी, दोघेच.

रोज सकाळी अकरा वाजता माझ्यावर चमचेकाका येत. त्यांचे खरे नाव घरात कुणी घेत नसे. पदार्थ झाला की ते कढईच्या काठावर चमचा वाजवत, म्हणून चमचेकाका. त्यांची बोलण्याची तऱ्हा न्यारी होती. इतर स्वयंपाकी ‘चिरा, परता, घाला’ असे हुकूम सोडतात. काका कधी ‘करा’ म्हणत नसत. “आता आपण कांदा चिरू. आता तेल तापवू. आता अंडी फेटू.” जणू आपल्याच ओट्याशी कोपराला कोपर लावून उभे आहेत. सूनबाईंचा त्यांच्यावर भारी जीव होता, पण अकरा वाजता त्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवत असत. म्हणून आप्पांनी हे काम अंगावर घेतले.

अकराला पाच कमी असताना आप्पा स्टूल ओढून बसत, दोन पेन्सिली टोकदार करून ठेवत आणि वही मांडीवर घेत. चित्राकडे ते ढुंकूनही पाहत नसत. “लिहिणाऱ्यानं कान उघडा ठेवायचा आणि डोळा कागदावर,” असे ते म्हणत. संध्याकाळी सूनबाई पदर खोचून उभ्या राहिल्या की आप्पा कोर्टातल्या आवाजात वाचून दाखवत. त्यांच्या टिपणात काहीही सुटत नसे. “आता आपण मिरपूड घालू. येथे शिंक. आता आपण झाकण ठेवू. येथे झाकण पडल्याचा आवाज.” सूनबाई हसून हसून बेजार होत. “आप्पा, शिंकही घालायची का हो?” “मूळ पाठात आहे. मी कोण गाळणारा?”

अशा रीतीने ह्या घरात टोमॅटोचे सूप आले, भाजलेले बटाटे आले, अंड्याचे पुडिंग आले. बसचालक मुलगा बोटे चाटत म्हणे, “चमचेकाकांना एकदा घरी जेवायला बोलवू या.” सूनबाई म्हणत, “काका लांबचे. आपले काका घरात आहेत ना, स्टुलावर.” तेव्हा आप्पा मिशीतल्या मिशीत हसत. मीही वरून खूश होई. शेवटी आवाज तर माझाच होता.

आता लाजेची गोष्ट सांगतो.

त्याच सुमारास माझ्या आत एक तार सैल झाली. खालचा फ्रिज सुरू होताना किंवा बंद होताना धडधडून हादरे. तो हादरा माझ्यापर्यंत पोचला की तार क्षणभर सुटे आणि माझा आवाज जाई. फार नाही, दोन-तीन शब्दांपुरता. मला ते लगेच समजले होते. पण मी स्वतःची समजूत घातली. एखादा शब्द गेला तर काय आभाळ कोसळणार आहे? खरे सांगायचे तर मला भंगारवाल्याची धास्ती होती. म्हणून मी शब्द गिळत राहिलो आणि साळसूदासारखा पुढे बोलत राहिलो.

चष्म्याच्या दुकानातल्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. सूनबाईंनी तिथे छातीठोकपणे सांगितले, “केक बाहेरून आणायचा नाही. मी घरी करते, चमचेकाकांचा.” त्याच आठवड्यात काकांनी मऊ, हलका केक दाखवला. अंडी आणि साखर त्यांनी फेसाळ होईपर्यंत फेटली, वर मैदा चाळून घातला आणि म्हणाले, “आता मैदा घातल्यावर जोरात फेटू नका, हलक्या हातानं एकत्र करू.”

नेमका त्याच क्षणी फ्रिज हादरला. ‘नका’ आणि ‘हलक्या हातानं’ हे शब्द मी गिळले. बाहेर पडले ते एवढेच : “आता मैदा घातल्यावर जोरात फेटू… एकत्र करू.”

एखादा शब्द निसटला तर आप्पा वहीत जागा कोरी सोडत. पण इथे निसटल्यासारखे काही वाटलेच नाही. चिरू, परतू, फेटू हे तर काकांचे रोजचेच बोलणे. आप्पांनी जसे ऐकले तसेच टिपले.

संध्याकाळी त्यांनी ते खणखणीत वाचले. सूनबाईंनी जोरात फेटले. त्यांचा हात भरून आला तेव्हा मुलाने फेटले. “अजून जोरात, काकांचा हुकूम आहे,” आप्पा म्हणाले. मी वर बसून ते सगळे पाहत होतो. थांबा, असे करू नका, असे ओरडावेसे वाटत होते. पण माझ्यासारख्याला स्वतःचे बोलणे कुठे असते?

केक ओव्हनमधून निघाला तो चपलेच्या तळव्यासारखा. दुसरा करायला वेळ नव्हता. सूनबाई तोच घेऊन गेल्या. तिथे सुरी चालेना. कुणीतरी म्हणाले, “ह्याला चष्म्याची काच कापायचं मशीन लावा.” सगळे हसले. मोठ्या बाईंनी एक तुकडा तोंडात धरून, चावता येईना म्हणून नुसती मान डोलावली. हे सूनबाईंनी घरी येऊन सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तशातच त्यांनी शेजारणीच्या फोनवर खरी कृती पाहिली होती. त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काका ‘फेटू नका’ म्हणाले होते, आप्पा! तुम्हाला ऐकू येत नाही तर तसं सांगायचं ना. मी चार लोकांत तोंडावर पडले.”

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. वही पुन्हा पुन्हा चाळून ते म्हणाले, “मी ऐकलं तसंच लिहिलंय. टीव्ही मध्येच गप्प झाला असेल गं.”

मुलाने वाद नको म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावले. मला घाम फुटायचाच बाकी होता. पण त्याने काय केले? मला फ्रिजवरून उचलले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून सुरू केले. टेबल कशाला हादरेल? मी तासभर घडाघडा बोललो. दुरुस्तीवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “जुना माल आहे साहेब, आवाज बघा कसा. ह्याला काही झालेलं नाही. कुणाचे तरी कान तपासून घ्या.”

मित्रांनो, त्या थापेने मी क्षणभर फुगलो, हे मी लपवणार नाही. मग माझी नजर आप्पांकडे गेली. ते स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून उभे होते. मला इतकी लाज वाटली की माझी काच तडकून जावी असे वाटले.

त्या दिवसापासून आप्पांनी लिहिणे सोडले. अकरा वाजले की ते उठून बाहेरच्या खोलीत जात. डॉक्टरांकडे चला म्हटले तर, “बघू पुढच्या महिन्यात.” कान खरेच गेलेत असे डॉक्टर म्हणाले तर, ह्याची त्यांना भीती होती. फोन वाजला तरी उचलत नसत. “उगाच चुकीचा निरोप घ्यायचो,” असे पुटपुटत. घरातले त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. “आप्पाऽऽ, चहाऽऽ!” आप्पांना सगळे स्वच्छ ऐकू येत होते. तरी ते काही बोलत नसत, कारण आता त्यांचा स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. ह्या माणसाच्या खुणांवर एकेकाळी न्यायाधीश डोळे मिटून सही करत असत.

सूनबाईंची चिडचिड दोन दिवसांत ओसरली होती. पण बोललेले परत कसे घ्यायचे ते त्यांना सुचत नव्हते. असे चार महिने गेले.

एका सुट्टीच्या सकाळी त्या स्वतःच माझ्यासमोर कागद घेऊन बसल्या. काका सूप करत होते. “आता यात मीठ…” आणि फ्रिज हादरला. सूनबाई म्हणाल्या, “काय?” त्यांनी वर पाहिले. काकांचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. मग आवाज आला. सूनबाई उठल्या. त्यांनी फ्रिजचे दार उघडले आणि धाडकन लावले. मी गप्प झालो. पुन्हा लावले. मी पुन्हा गप्प. त्या स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे रोखून पाहू लागल्या. मला लपायला जागा नव्हती. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच हलकेही वाटले.

त्यांनी आप्पांना हाताला धरून आत आणले आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “आप्पा, चूक तुमची नव्हती. मी नको ते बोलले. मला माफ करा.”

आप्पा म्हणाले, “जरा मोठ्यानं बोल.”

सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, कान खरेच गेले. तेव्हा आप्पा म्हणाले, “मला ऐकू आलं गं. बाहेर तुझा नवरा बसलाय, त्यालाही ऐकू जाऊ दे.” सूनबाईंनी मोठ्याने सांगितले, अगदी शेजारच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. मग त्या रडल्या, आणि आप्पांनी नाक शिंकरून खिडकीबाहेर पाहिले.

मुलगा मला उचलायलाच आला. “ह्याला आजच भंगारात देतो.” आप्पांनी त्याचा हात धरला. “एक तार सैल झाली म्हणून कुणी भंगारात काढतं का रे?” मुलाने हात मागे घेतला. दुरुस्तीवाला पुन्हा आला, तार जोडली गेली आणि मला फ्रिजवरून ह्या फळीवर आणले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या, आमची धूळ पुसा, हे सांगायला मी कोण? पण घरातले कुणी ‘मी ऐकलं तसंच केलं’ असे म्हणाले, तर त्याच्या कानावर शंका घेण्याआधी आमची पाठ उघडून पाहा. शिक्का कितीही चांगला असला तरी पाहा. तार जोडायला दहा मिनिटे लागतात. माणसाचे मात्र तसे नसते, हे मी रोज पाहतो.

कारण आप्पा आता पुन्हा लिहितात. अकराला पाच कमी असताना येतात, वही मांडीवर घेतात. माझा एक शब्द आता इकडचा तिकडे होत नाही. पण ज्यांनी कधी मान वर केली नव्हती ते आप्पा प्रत्येक वाक्याला लिहिता लिहिता थांबतात आणि वर पाहतात. सूनबाई घरी असल्या तर हळूच विचारतात, “परतू म्हणाला, का परतू नका?” सूनबाई हातातले काम सोडून जवळ येतात आणि सांगतात. आणि त्या घरी नसल्या तर आप्पा तेवढी जागा कोरी सोडतात.