बेटावरून आलेलं उत्तर

"नऊ," असं मोठ्याने म्हणून ओहोटीताईने पाठ फिरवली आणि बेटाच्या शेवटच्या खडकावरून खाली वाळूत पाय ठेवला. "माझ्या मागून एकेक जण या. पुढच्याची पाठ सोडायची नाही. फोटो आता किनाऱ्यावर पोचल्यावर."

आवाजातली घाई तिला लपवता आली नव्हती. सकाळी निघताना आभाळ लख्ख होतं. साडेअकराच्या सुमाराला समुद्राकडून धुकं उठलं आणि बघता बघता त्याने आधी दीपगृह गिळलं, मग धक्का, मग सगळं गावच. लोकांना बेटावर चाळीस मिनिटं द्यायची तिची रीत होती. आज तिने पंचविसाव्या मिनिटालाच शिट्टी फुंकली होती.

बावीस वर्षं ती हे काम करत होती. गाव लहान आणि निवांत. बाहेरून येणारी माणसं धक्क्याजवळच्या तिच्या खिडकीपाशी चौकशी करायची आणि ती त्यांना दीपगृह सांगायची, जुन्या होड्यांचं संग्रहालय सांगायची, सकाळचा मासळीबाजार चुकवू नका म्हणायची. लोक माना डोलवायचे आणि शेवटी बेटाचंच विचारायचे. ओहोटीला समुद्रातून सव्वा किलोमीटर वाळूची वाट उघडी पडायची, ती जेमतेम अडीच तास. ही वाट तिला वडिलांनी दाखवली होती. ओहोटीच्या वेळा तिला इतक्या तोंडपाठ की गावात तिचं खरं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं.

वाट सरळ नव्हती. मधोमध एक खोलगट जागा होती, तिला सगळे खाच म्हणत. भरतीचं पाणी आधी तिथे शिरायचं, तेही दोन्ही बाजूंनी, चोरपावलांनी. बाकीची वाट कोरडी दिसत असतानाच खाच गुडघाभर भरलेली असायची. धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, म्हणून ओहोटीताईने चपला काढून हातात घेतल्या. लाटांनी वाळूवर उठवलेल्या वळ्या वाटेवर पायांना आडव्या लागतात आणि वाट सुटली की तिरप्या. तिच्या तळव्यांना तो फरक कळायचा.

मागून पावलांचा चुबुक चुबुक आवाज येत होता. सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेतलेला बाप आणि त्याची बायको. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. बँकेतले एक टोपीवाले साहेब आणि त्यांची पत्नी. आणि एक म्हातारं जोडपं. त्यातल्या काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. हे कळल्यावर टोपीवाल्यांनी सकाळीच विनोद करून घेतला होता, की साक्षात घड्याळजी बरोबर असताना आपल्याला उशीर व्हायची काय बिशाद.

खाचेत पाणी घोट्याला लागलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, जरा थांबा ना माझ्यासाठी."

कोणी उत्तर दिलं नाही.

"अहो?"

टोपीवाले म्हणाले, काका तर तुमच्याबरोबर होते. काकू म्हणाल्या, मला वाटलं तुमच्याशी बोलत पुढे गेलेत. ओहोटीताई मागे वळली. एकेकाच्या खांद्याला हात लावत तिने मोजलं. आठ. पुन्हा मोजलं, तरी आठच. मग तिच्या लक्षात आलं. बेटावर ती मोजत असताना टोपीवाल्यांची टोपी उडाली होती. ती उचलायला ते मागे गेले आणि येऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. तिने त्यांना दोनदा मोजलं होतं.



तिने तीनदा शिट्टी फुंकली, तोंडाभोवती हात धरून हाका मारल्या. काकांचा फोन काकूंकडेच ठेवायला दिलेला होता. तिने धक्क्यावरच्या चौकीला फोन लावला. बंदर अधिकाऱ्यांनी सांगितलं, की या धुक्यात बेटाजवळच्या खडकांत होडी घालणं म्हणजे आणखी चार जणांना घालवणं. धुकं उठलं की त्या क्षणी काढतो, तुम्ही आधी आहेत त्यांना घेऊन या.

तेही तिला कळत होतं. बेटाकडे परत जाऊन काकांना शोधायचं आणि पुन्हा इथवर यायचं, म्हणजे खाच कमरेच्या वर जाणार. या आठ जणांना पुढे पाठवावं तर धुक्यात त्यांना वाट सापडणार नाही. सगळ्यांनाच बेटावर न्यावं तर पुढची ओहोटी मध्यरात्री, आणि वर आडोसा म्हणून पडक्या मनोऱ्याच्या तीन भिंती. त्या मनोऱ्यापर्यंत पाणी मात्र कधीच चढत नसे. सकाळी निघताना तिने सगळ्यांना बजावलं होतं, कोणी मागे राहिलंच तर खाली उतरायचं नाही, मनोऱ्यापाशी जाऊन बसायचं. काकांनी मान हलवली होती. ऐकून हलवली की नुसतीच, कोण जाणे.

"मी नाही येत," काकू म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे."

त्या पाण्यात पाय रोवून उभ्या राहिल्या. टोपीवाल्यांच्या पत्नीने त्यांचा दंड धरला, तो त्यांनी झिडकारला. कॉलेजातली एक मुलगी मुसमुसायला लागली. मुलीचा बाप वैतागून म्हणाला, की आम्ही निघतो, आणि चालायलाही लागला, तो थेट खोल पाण्याच्या दिशेने. ओहोटीताईने धावत जाऊन त्याचा सदरा मागून धरला. पाणी आता पोटरीला लागत होतं.

"इथून कोणी हलायचं नाही," तिने सांगितलं आणि ती एकटी मागे धुक्यात शिरली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून पावलं मोठ्याने मोजत गेली. पन्नास पावलांवर थांबली. शिट्टी फुंकली. श्वास रोखून उभी राहिली. वाळूत पाणी चढताना होणारी बारीक चुरचुर तेवढी ऐकू येत होती. तिने पुन्हा शिट्टी फुंकली. मग जेवढा वेळ थांबणं परवडणार होतं तेवढा ती थांबली, आणि पन्नास पावलं मोजत परत आली.

"आवाज आला," ती म्हणाली. "मनोऱ्यापाशी आहेत. इथेच बसून राहतो म्हणाले. तुम्हाला पुढे व्हायला सांगितलंय."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "मला कसा नाही आला?"

"तुम्ही इथे होतात. धुक्यात आवाज लांब जात नाही."

"खरंच म्हणाले?"

"हो काकू. चला आता."

काकूंनी तिचा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती आणि त्यांची पकड मात्र अशी की ओहोटीताईला मनगट सोडवून घेता येईना. तशीच ती पुढे चालत राहिली. खाचेच्या मध्यावर पाणी मांडीपर्यंत आलं, तेव्हा मागे कोणीही बोलत नव्हतं, लहान मुलगीसुद्धा. मग तळ चढायला लागला. किनाऱ्यावरच्या बांधाचे दगड दिसले तेव्हा पावणेएक वाजला होता.

एकेक जण आपापल्या मुक्कामाला निघून गेला. मुलीच्या बापाने जाताना ओहोटीताईकडे पाहिलंही नाही. काकूंना तिने आपल्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला बसवलं, अंगावर आपला स्वेटर घातला, चहा केला. धुकं काचेला चिकटून होतं.

काकूंना आता धीर आला होता आणि त्या बोलत होत्या. बोलल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली म्हणाल्या. दुकान बंद केल्यापासून हे घरात नुसते येरझाऱ्या घालतात, म्हणून या गावाला आणलं, शांत आहे म्हणून. उशीर त्यांना मुळी सहनच होत नाही. गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसतात. एकदा मी बाजारात मागे राहिले, तर वाट बघणं नाही, थांबणं नाही, उलट्या दिशेने मला शोधत सुटले. उशीर झाला असं वाटलं की त्यांचा पाय एका जागी ठरत नाही.

"पण तुमच्याशी बोलले ना, बसतो म्हणाले ना," काकू म्हणाल्या. "मग बसतील. शब्द दिला की पाळतात."

ओहोटीताई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचा चहा पेल्यात तसाच निवला. काकूंनी विचारलं, घेत का नाही, तेव्हा तिने पेला उचलून ओठांना लावला आणि खाली ठेवला. पाय ठरत नाही, हे शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हते. भरती चढत होती. घड्याळाकडे न बघताही खाचेत आता किती पाणी असेल ते तिला कळत होतं. छातीएवढं. मग गळ्याएवढं. मग ते मोजण्यात काही अर्थ उरला नाही. खरं सांगून टाकावं असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा काकू नेमक्या हसत काहीतरी सांगत होत्या.

पावणेचारला धुकं फाटलं. होडी सुटल्याचा आवाज आला तशा काकू उठून बाहेर गेल्या आणि बांधावर उभ्या राहिल्या. ओहोटीताई त्यांच्या मागे, दोन हात अंतर ठेवून. होडी बेटाच्या पलीकडे दिसेनाशी झाली आणि बराच वेळ आलीच नाही. परत येताना तिच्यात कांबळं पांघरलेलं कोणीतरी होतं. ओहोटीताई फक्त एवढंच बघत होती, की ते बसलेलं आहे की आडवं आहे.

बसलेलं होतं.

काकांना चौकीच्या आतल्या खोलीत नेलं, डॉक्टर आले, कोरडे कपडे चढवले. बाहेरच्या टेबलावर बंदर अधिकारी जबाब लिहायला बसले. समोर काकू, बाजूला ओहोटीताई. होडीवाल्याने काकांकडून ऐकलेलं सांगितलं, ते असं, की काका खडकाआड लघवीला गेले होते. बेटावर सोय नाही, बायकांसमोर सांगायचा संकोच वाटला. शिट्टी ऐकली, पण आवरून बाहेर येईपर्यंत कोणीच दिसेना. मग ते घाईघाईने खाली उतरले. वाळूतल्या पावलांच्या मागे मागे गेले, पुढे पावलं पाण्यात गेली आणि पाणी कमरेला लागलं, तेव्हा दिशाच कळेना. ते मागे फिरले. बेट सापडलं ते नशिबानेच. खडक चढताना दोन्ही गुडघे सोलून निघाले.

"पण ते तर बसून राहतो म्हणाले होते," काकू म्हणाल्या.

अधिकारी मान न उचलता लिहीत होते. "बरोबर. त्यांच्याकडून उत्तर मिळालं, ते सुरक्षित जागी आहेत याची खात्री झाली, म्हणून या बाकीच्यांना घेऊन निघाल्या. असंच ना ताई? म्हणजे तुमच्यावर काही येत नाही."

ते तिच्या भल्याचंच बोलत होते. बावीस वर्षांची ओळख होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," ओहोटीताई म्हणाली. "उत्तर आलं नव्हतं."

लेखणी थांबली.

"काहीच ऐकू आलं नव्हतं. काकू हलेनात म्हणून मी खोटं बोलले. आणि बेटावर मोजणी माझी चुकली. एकाला दोनदा मोजलं. तसं लिहा."

काकूंची नजर टेबलावरच्या कागदावर होती. मग इतक्या हळू, की अधिकाऱ्यांना पुढे वाकावं लागलं, त्या म्हणाल्या, "आणि दुपारभर मला बोलू दिलंत."

काकू उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

घरी नवऱ्याला सगळं समजलंच होतं. तो बर्फाच्या कारखान्यात कामाला, मुळात कमी बोलणारा. जेवताना एवढंच म्हणाला, की बंदरावरचे साहेब स्वतःहून वाट काढून देत होते. ती म्हणाली, त्या काकू समोर बसल्या होत्या. त्यावर त्याने तिला आणखी भात वाढला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

सकाळी वरच्या कचेरीतून फोन आला. चौकशी होईपर्यंत बेटाची फेरी बंद, आणि चौकशीनंतर सुरू झालीच तर माणूस दुसरा. दहा वाजता नगरपालिकेचा सुतार फेरी बंद असल्याची पाटी तिच्या खिडकीवर लावायला घेऊन आला. एकट्याला ती सरळ धरता येईना, म्हणून ओहोटीताईने खालून हात लावला. सुताराने पहिला खिळा ठोकला. तिने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि सांगितलं, डावी बाजू जरा वर घे.

काकू तेव्हाच आल्या. मागे काका, गुडघ्यांना पट्ट्या, हात कठड्यावर. त्यांनी ओहोटीताईला नमस्कार केला आणि माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, असं काहीतरी पुटपुटले. काकूंनी तिचा घडी केलेला स्वेटर खिडकीच्या फळीवर ठेवला. पाटी वाचली.

"खरं सांगितलं असतंत तर मी तिथून हलले नसते," त्या म्हणाल्या. "ते मला कळतं. डोळा लागला नाही, तेच मनात घोळत होतं. पण राग जात नाही."

"असू दे," ओहोटीताई म्हणाली.

सुताराने दुसरा खिळा ठोकला.

"बसला दोन तास आहेत," काकू म्हणाल्या. "ह्यांना तोवर कुठेतरी बसवायचंय. पाणी दिसणार नाही अशी जागा आहे का या गावात?"

बावीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिने मनातल्या मनात सगळं गाव फिरून पाहिलं. दीपगृह नाही, बांध नाही, बाजारही नाही. मग म्हणाली, जुन्या टपाल कचेरीच्या मागे एक लहानशी बाग आहे. चारी बाजूंनी उंच भिंत आहे. कोणी जात नाही तिथे, बघण्यासारखं काही नाही म्हणून.

खिडकीची झडप ओढून ती त्यांच्याबरोबर निघाली. काका हळू चालत होते, म्हणून तिनेही पाऊल आखडतं घेतलं. बागेचं लोखंडी फाटक गंजून घट्ट बसलं होतं. तिने खांदा लावून ते उघडलं. आत गवत वाढलेलं, दोन झाडं, झाडांखाली एकच बाक. काका बसले आणि त्यांनी डोळे मिटले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या, हातातली पिशवी त्यांनी बाकावर ठेवली.

ओहोटीताई फाटकापाशी उभी होती. निघावं की थांबावं ते तिला कळत नव्हतं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी बाकावरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

ती आत गेली आणि त्या रिकाम्या जागेवर, अगदी कडेला, बसली.