गाठीखालची चिठ्ठी

शाहूपुरीतल्या त्या तंत्रविद्यालयात शेवटच्या वर्षाला एक 'खास विषय' असे, आणि सहा वर्षं तो बसवराजचाच होता: विजेच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे तिच्यात तांब्याच्या तारा गुंडाळून भरणं. शिक्षण म्हणाल तर सातवीच्या फायनलपर्यंत, पण जळकी मोटार त्याच्या हाताखालून गेली की मुकाट कामाला लागायची. त्याची एक खोड होती. तारा भरून झाल्या की शेवटच्या सुती पट्टीच्या गाठीखाली तो नाव-तारखेची चिठ्ठी खोचायचा आणि वरून व्हार्निश चढवायचा. "बिघडली तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते तरी कळंल की," म्हणायचा. सहा वर्षांत एकही चिठ्ठी परत आली नव्हती.

छप्पन साली बंगलोरहून शिकून त्र्यंबक आला. डोळ्यांवर चष्मा आणि जिभेला धार. त्याचा खास विषय म्हणे 'स्वयंनियंत्रण', म्हणजे भार कमी-जास्त झाला तरी मोटारीनं आपला वेग आपणच सांभाळायचा. प्राचार्य गणपतरावांनी सांगून टाकलं, पुढल्या वर्षी दोघांपैकी एकाचाच वर्ग चालेल. सोमवारी विद्यालयाच्या समितीला आपापलं काम दाखवा.

"मिस्त्री, तुमचा कसला विषय? ती हमाली," त्र्यंबक भर वर्गात म्हणाला.

बसवराजच्या अंगाची लाहीलाही झाली. "व्हय सर. पर तुमच्या खेळण्याला मोटार ह्या हमालानं भरलेलीच लागती न्हवं?"

सोमवारी बसवराजनं आधी गेल्या वर्षी भरलेली आपली एक मोटार चालवून दाखवली. समितीनं माना डोलावल्या. मग त्र्यंबक त्याच मोटारीला आपली जोडणी करू लागला, आणि बसवराजनं पाहिलं: वेग आवरणाऱ्या दोन तारा उलट्या लागल्या होत्या. आता मोटार आवरायची सोडून आणखी उधळणार. एक शब्द पुरे होता. त्यानं तोंड उघडलं, ती 'हमाली' आठवली, आणि मिटलं. होऊ दे शहाण्याचं हसं!

स्विच पडला. मोटार घोंघावली, मग किंचाळायला लागली. मुलं मागं पळाली. त्र्यंबक स्विचवर झडप घालेपर्यंत आत धडधड झाली, तांब्याच्या तारा उसवून बाहेर आल्या आणि जळक्या व्हार्निशचा धूर खोलीभर झाला. बसवराज मिशीत हसत होता.

गणपतरावांनी जमिनीवरचा एक करपलेला कागद उचलला. "बसवराज, फेब्रुवारी पंचावन्न," त्यांनी वाचलं. समितीतले एक गृहस्थ फणकारले, "वाइंडिंगच उडालं! सहा वर्षं हेच शिकवता?"

त्र्यंबकचं लक्ष आता आपल्या जोडणीतल्या त्या दोन तारांकडे गेलं. तो पांढराफटक पडला आणि चष्मा काढून पुसू लागला.

"सायेब, तारा उलट्या हुत्या," बसवराज ओरडला. "माज्या कामात खोट न्हाय!"

"कधी पाहिल्यात?" गणपतरावांनी विचारलं. "मोटार चालू व्हायच्या आधी, की नंतर?"

त्यानं शिकवलेली मुलं भिंतीला टेकून ऐकत होती. त्यांच्यासमोर त्याला खोटं बोलवेना.

"आदी," तो म्हणाला.

गणपतरावांनी चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली. शिवी कुणीच दिली नाही. ती त्याची त्यालाच द्यावी लागली.