मुंगसाचा डावा डोळा

ब्रशाचं टोक तिनं ओठांत धरलं, जिभेवर फिरवून सुईसारखं केलं, आणि नेमकी तेव्हाच समोरची पाटी वाचली — ‘चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात. त्यावर कायद्यानं बंदी आहे.’ मैनाबाईनं ब्रश तोंडातून काढला आणि पदराआड धरला. हॉलमध्ये कुणी बघत नव्हतं. तरी धरला.

रोह्याच्या शाळेतल्या दिनानाथ सरांनी हे प्रदर्शन मांडलं होतं — माणसामुळे नाहीशी होत चाललेली आपल्याकडची जनावरं. भिंतीवर मुलांनी रंगवलेली गिधाडं, पाणमांजरं, आणि मधोमध तिनं जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात कागदाच्या लगद्यातून घडवलेलं मुंगूस, मागच्या दोन पायांवर उभं. येताना टेम्पोत कसला तरी कोपरा लागून त्याच्या डाव्या डोळ्याचा रंग उडाला होता. मुलं आत यायच्या आधी तेवढा डोळा करून द्या, सर म्हणाले होते. तेवढा डोळा... जोह्यात गणपतीचं अंग कुणीही रंगवतं, पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते त्यांच्या कारखान्यात तीस वर्षं मैनाबाईनंच करायचं.

ब्रश सासऱ्यांनी दिलेला. बाबाजींनी तो मुलाच्या हातात न देता सुनेच्या हातात दिला, सगळ्या कारागिरांसमोर, आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती, इतकं पोट भरलं होतं. ब्रश विकणारा माणूस वर्षातून एकदा पेणहून यायचा. एकदा त्याच्या पिशवीत तळाशी शेपट्या दिसल्या, करड्या, झुपकेदार. माहेरी शेताच्या बांधावर मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो म्हणून ती आणि बाकीच्या पोरी उभ्या राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघायच्या — तीच शेपटी ओळखली नाही, असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं सासऱ्यांना विचारलं होतं.

“आपण मारलं काय? नाय ना? मग तू डोलं काढ,” बाबाजी म्हणाले होते.

आणि तिनं काढले. केवढं सोपं झालं होतं ते. पुढे बंदी आली, तो माणूस यायचा थांबला, तेव्हाही तिला त्या जनावरांसाठी बरं वाटलं नव्हतं. आपल्याकडे हा एक ब्रश उरलाय, नुसत्या शेवटच्या रेघेला वापरला तर जन्मभर पुरेल, एवढंच मनात आलं होतं.

पिशवीत नायलॉनचाही ब्रश होता. तिनं तो घेतला. बुबुळ बरं आलं, पण वरची रेघ जाड झाली आणि डोळा शर्टाच्या बटणासारखा दिसायला लागला. तिनं पुसला, पुन्हा काढला. पुन्हा बटण. बाहेर मुलांचा गलका वाढत होता, आणि सर दारातून विचारत होते, झालं का, सोडू का मुलांना? बटणही चाललं असतं. मुलांना काय कळणार होतं? पण मैनाबाईच्या हातचा डोळा असा, हे रोह्याच्या लोकांनी बघावं... हे तिला त्या पाटीपेक्षा जास्त लागलं. जास्त लागलं हे तिचं तिलाच कळलं आणि लाजेनं कान तापले, आणि तापल्या कानांनीच तिनं दाराकडे पाठ केली, पदराआडचा ब्रश काढला, ओठांत धरला, श्वास रोखला. एकच रेघ. मुंगूस बघायला लागलं.

मुलं आत आली. दोन वेण्यांची एक मुलगी पाटीपाशी थांबली, एकेका शब्दावर बोट ठेवत तिनं ती मोठ्यानं वाचली, आणि मग मान वर करून डोळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

“मावशी, हे खरंच बघतंय. कशानं काढलात हो?”

“हातानं,” मैनाबाई म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण हात तर मघाशीही हाच होता, बटण काढणारा. मग तीस वर्षं लोक ज्याला नावाजत होते ते काय होतं... कुणाचं होतं?

सर मुलांना गप्प करून तिच्याकडे वळले. मुंगूस का जपायचं, तेवढं दोन शब्दांत सांगा, म्हणाले. मुलं खाली बसली. पदराआड ब्रशावर मूठ घट्ट होती. पुढच्या आठवड्यात गणपतींची आखणी सुरू व्हायची होती, आणि हा ब्रश आपल्याच्यानं फेकवणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाटी वाचूनही.

तिनं बोलायला तोंड उघडलं तर जिभेला काहीतरी टोचलं. ब्रश जुना झाला होता, अधूनमधून त्याचे केस सुटायचे. ती पदराला पुसून मोकळी व्हायची. आता तिनं तो केस बोटावर घेतला. बारीक, करडा, टोकाला काळा. समोर मुलं वाट बघत बसली होती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला तो ब्रशाचा केस वाटेना.