हाराखाली झाकलेली पट्टी

मित्रांनो, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेससमोर टांगलेला मोठा, जुना मॉनिटर तो मी. माझ्या काचेवर आडवी भेग आहे. ती पान्याच्या घावाची. तो घाव का बसला, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी मी साहेबांच्या मीटिंगच्या खोलीत होतो. पाहुणे माझी वाहवा करायचे. मग तिथे नवा मॉनिटर आला आणि माझी रवानगी प्रेससमोर झाली. प्रेस कसली, आडदांड राक्षसीणच ती! दिवसभर पत्र्याच्या छातीवर दणके घालायची. जमीन हादरायची, माझे स्क्रू सैल व्हायचे.

प्रेसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर चालायचा. त्याचं चित्र इथल्या लॅपटॉपवर एका खिडकीत, म्हणजे विंडोत, दाखवायचं काम डिस्प्ले सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम करायचा. पण लॅपटॉपचा पडदा पडला लहान. खिडकीचा तळ कापला जायचा. नेमकी तिथेच एक पट्टी होती. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर चालू असला तर ती हिरवी, बंद असला तर लाल.

तनुजा ही आमची तरुण इंजिनिअर. तिने मला दुसरा पडदा म्हणून जोडलं, तरी खिडकी हट्टाने लॅपटॉपवरच उघडायची. शेवटी तिने सेटिंगमध्ये पडद्याचा क्रमांक बदलला, खिडकीची लांबी-रुंदी माझ्या मापाची केली आणि अख्खी खिडकी माझ्यावर आली, पट्टीसकट. मला केवढा अभिमान वाटला!

"आता मान वर केली की कळतंय, मॅडम. जिवाला घोर नाही राहिला," प्रेसवर काम करणारा नवनाथ म्हणाला.

खंडेनवमी आली. यंत्रं थांबवून पूजा झाली. प्रेसच्या तोंडात निरांजन ठेवताना त्या सेन्सरचा अलार्म सारखा बोंबलू लागला, म्हणून सुपरवायझर ज्योतीराम यांनी किल्ली फिरवून सेन्सर बंद केला. मलाही त्यांनी झेंडूचा जाडजूड हार घातला. तो थेट खिडकीतल्या प्रेसच्या आकड्यांवर आणि पट्टीवर लोंबला.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. सणाला गावी गेलेली तनुजा अजून परतली नव्हती.

"हार बाजूला करू का?" नवनाथने विचारलं.

"पूजेचा हार हाय त्यो. सुकल्याबिगर हात लावायचा न्हाई," ज्योतीराम म्हणाले. "खिडकीच नेतो लॅपटॉपवर. आकडं दिसलं म्हंजी झालं."

आकडे दिसले. पट्टी पुन्हा कापली गेली. सेन्सरची किल्ली फिरवायची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

दुपारी एक पत्रा साच्यात तिरका बसला. तो सरळ करायला नवनाथने हात घातला. प्रेस थांबली नाही. हाडं चिरडल्याचा आवाज मी ऐकला, मग त्याची किंकाळी. रक्ताचे शिंतोडे माझ्या हारापर्यंत उडाले.

शेजारच्या मशीनवरून नवनाथचा भाऊ भिमाजी धावत आला. त्याने ज्योतीरामांची कॉलर धरून त्यांचं डोकं खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. लोकांनी त्याला मागे ओढलं. तेव्हा त्याने हातात सापडलेला पाना भिरकावला. ज्योतीराम खाली वाकले आणि माझी काच तडकली. भिमाजीवर मी रागावलो नाही. मला हात असते तर मीही तेच केलं असतं.

मला भंगारात काढायचं ठरत होतं. परत आलेल्या तनुजाने ठाम नकार दिला. भेग वरच्या बाजूला होती, पट्टीची जागा शाबूत होती. तिने खिडकी पुन्हा माझ्यावर आणली. बरा झाल्यावर नवनाथलाही प्रेस चालवण्याऐवजी माझ्यावर नजर ठेवायचं काम मिळालं.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा. पण हाराखाली काय झाकलं जातंय ते आधी बघा, आणि पूजेसाठी जे बंद केलं, ते काम सुरू होण्याआधी चालू करा.

यंदाच्या खंडेनवमीला ज्योतीराम पुन्हा हार घेऊन आले. कपाळावर टाक्यांचा व्रण होता. माझ्यासमोर ते थबकले आणि हार त्यांनी दाराला बांधला. मग कुंकवाचा करंडा नवनाथपुढे धरला. "तू लाव, लेका."

नवनाथने सवयीने उजवा हात पुढे केला. कुंकू अनामिकेने लावतात. त्याच्या हाताला अनामिका राहिलेली नाही. त्याने अंगठा बुडवला आणि माझ्या वरच्या कडेला, पट्टीपासून दूर, कुंकू लावलं. ज्योतीराम भिंतीकडे तोंड करून रडत होते. खाली माझी पट्टी हिरवी होती.