मामाच्या वाट्याचं डोकं

सीमेवरच्या शाशे नदीच्या खोऱ्यात गुरांवर लाळ्या-खुरकूत आली तेव्हापासून गाओलाथेच्या डोळ्याला डोळा नव्हता. रोग पहिल्यांदा निघाला तो माकालाच्या गोठ्यात. माकाला त्याचा नवा व्याही. भाची सेथुन्या नुकतीच त्या घरात दिलेली.

कत्तलखाना बंद पडला होता. युरोपातल्या गिऱ्हाइकांनी मांस घ्यायचं थांबवलं आणि गुरं भरून निघालेले ट्रक अर्ध्या वाटेवरून परतले. रोग आला कुठून हे कळेपर्यंत खोऱ्याबाहेर एक जनावर जाणार नाही, असं गुरांच्या सरकारी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग गावाने आपल्यापुरतं उत्तर शोधून टाकलं. माकालानेच पलीकडून, झिम्बाब्वेतून, चोरून गाय आणली असणार. नदीपार गेलेलं जनावर परत आणायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. माकालाची गुरं तर मारणारच होते; पण गुन्हा शाबीत झाला तर सरकारकडून बदली जनावरं मिळणार नव्हती, आणि वर तुरुंग.

आणणारा माकाला नव्हता, हे गाओलाथेला पक्कं माहीत होतं.

लग्नात कापायचा बैल मामाने द्यायचा असतो. गाओलाथेने वडीलधाऱ्यांसमक्ष आपल्या तांबड्या बैलाकडे बोट दाखवलं होतं. एकदा बोट दाखवलं की तोच बैल न्यायचा. दुसरा नेला तर मामाने चांगला लपवला आणि मरतुकडा गळ्यात मारला, असं लोक जन्मभर ऐकवणार. नेमका तोच हत्तींनी पाडलेल्या कुंपणातून कोरडी नदी ओलांडून पलीकडे गेला. गाओलाथेने त्याला गुपचूप परत आणलं, आपल्या गुरांबरोबर हौदावर पाणी पाजलं आणि लग्नासाठी माकालाच्या गोठ्यात नेऊन बांधलं. बैल जरा लंगडत होता. फार चाललाय बिचारा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

बैलाचं डोकंही मामाचंच. त्याला दुसरं कोणी हात लावत नाही. त्यामुळे जिभेवरचे फोड एकट्या गाओलाथेला दिसले. त्याने वरची साल सोलून टाकली आणि जीभ खाल्ली. आता या माणसाला काय म्हणावं? पण भरल्या मांडवात मामाने आपलंच ताट मागे सारायचं, ते तरी कोणत्या तोंडाने?

त्याची गुरं अजून धडधाकट होती. बैल त्यांच्यात मिसळला होता हे कळलं तर तीही मारली जाणार, गप्प बसलं तर वाचणार होती.

एका दुपारी सेथुन्या आली. चहा पुढे ठेवला, तो तिने घेतला नाही. नळावरच्या बायका पाठ फिरवतात म्हणाली, नवरा घराबाहेर पडत नाही म्हणाली. मग हळूच विचारलं, "मामा, सासरे काही बोलतच नाहीत हो. लोक तोंडावर बोलतात आणि ते खाली मान घालून ऐकतात. खरंच आणली असेल का त्यांनी गाय?"

"मला काय ठाऊक," गाओलाथे म्हणाला.

तिने मान डोलावली आणि उठून गेली. सासऱ्यावरचा तिचाही विश्वास उडत चाललाय, हे त्याला तिच्या पाठीकडे बघून कळलं, आणि स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली गावाची बैठक भरली. डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं, रोग आला कुठून? सगळ्यांच्या नजरा सवयीने माकालाकडे वळल्या. गाओलाथे टोपी काढून उभा राहिला. बैल, नदी, हौद, जीभ, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

बाईंनी विचारलं, लंगडणारा बैल गोठ्यात आला तेव्हा माकालाला काहीच कसं दिसलं नाही?

"दिसलं की," माकाला बसल्या जागेवरून म्हणाला. "पाय टेकताच दिसलं. लाळही दिसली. पण मुलीच्या मामाने आणलेल्या बैलात खोट कोण काढतो, बाई? आणि नंतर नाव घ्यायचं, तर सून माझ्याच घरात राहते."

गाओलाथेला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या.

बंदूकवाले आले ते आधी माकालाकडे, मग गाओलाथेकडे. माकालाला बदली गुरं मिळणार होती, गाओलाथेला नाही. त्याच्यावर खटला चालणार होता. खड्डा यंत्राने खणला होता. धडधाकट गुरं सवयीने एकामागून एक आत शिरत होती, कारण हाकणारा त्यांच्या ओळखीचा होता. तो गाओलाथेच होता. अनोळखी माणसाने हाकलं तर बुजतील म्हणून त्यानेच ते अंगावर घेतलं होतं.

शेवटची गाय आत गेल्यावर तो मातीच्या ढिगावर बसला. माकाला येऊन शेजारी टेकला. खड्ड्यातून गोळ्यांचे आवाज येऊ लागले.

"बैल चवीला मात्र झकास होता हं," माकाला म्हणाला.

गाओलाथेला हसू फुटलं. ते थांबवायला त्याने तोंडावर हात धरला, आणि मग ते हसू राहिलं नाही. माकालाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गोळ्यांचा आवाज थांबेपर्यंत तसाच राहू दिला.