राजदारावरचा फाटका पडदा

मित्रांनो, जगातल्या बहुतेक वस्तू काही ना काही दाखवण्यासाठी जन्माला येतात. मी मात्र झाकण्यासाठी जन्मलो. मी एक जुना पडदा आहे. पोयाना गावच्या लाकडी ख्रिस्ती देवळात, गाभाऱ्याच्या मधल्या दुपाखी दारामागे, म्हणजे राजदारामागे, पितळी कड्यांवर मी ऐंशी वर्षं लटकतो आहे. माझा लाल रंग विटला आहे. खालची किनार कसरीनं खाल्ली आहे. आणि माझ्या अंगावर वरून खाली हातभर लांब शिवण आहे. ती शिवण कशी आली, तेच मला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

मला साफ्तानं विणलं. तिचा नवरा निस्तोर या देवळाचा सेवेकरी. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, स्तोत्रं म्हणायची, ही त्याची कामं. साफ्तानं स्वतःच्या परसात ताग लावला, तळ्यात कुजवला, हिवाळाभर सूत कातलं आणि मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून मला रंगवलं. पुढच्या बाजूला तिनं सोनेरी क्रूस भरला. मागच्या बाजूलाही तेवढ्याच निगुतीनं भरला. खरं तर गाभाऱ्यात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नसतं, त्यामुळे माझी ती बाजू टांगलेली तिला कधी दिसणारच नव्हती. शेजारणी हसल्या. "कोण बघणार आहे गं तिकडून?" साफ्ता म्हणाली, "ज्याला बघायचंय तो बघेल." अशी बाई होती ती. मी दारावर चढलो आणि दोन वर्षांत ती गेली.

आमचे पाद्रीबाबा गेरासिम लोकांना समजावून सांगत. "देवाचं तेज माणसाला सोसत नाही. मोशे पर्वतावरून उतरला, तर त्याच्या तोंडावरचं नुसतं उष्टं तेजसुद्धा लोकांना बघवेना. त्याला तोंड झाकावं लागलं. म्हणून हा पडदा. देव लपत नाही रे, तुमचे डोळे जपतो." हे ऐकून मी जरा फुगत असे, खोटं कशाला बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ म्हणजे मी, असा माझा तोरा होता.

वर्षातून एकदा मात्र माझं काम उलटं होतं. ख्रिस्त उठला त्या रविवारपासून पुढचा आठवडाभर राजदार उघडं ठेवतात आणि मला पूर्ण बाजूला सारतात. कबरच उघडली, मग दार कशाला लावायचं? त्या आठवड्यात स्वर्गाचंही दार सताड उघडं असतं, असं आमच्याकडे सारे मानतात. त्या दिवसांत मरेल तो सरळ आत जातो. आकाशातल्या जकातनाक्यांवर त्याला कोणी अडवत नाही, पापाची गाठोडी सोडून कोणी बघत नाही. शनिवारी प्रार्थना झाली की दार लागतं, मी ओढला जातो, आणि मग ज्याचं त्यानं बघायचं.

युद्ध संपलं आणि पाठोपाठ दोन उन्हाळे कोरडे गेले. मका गुडघ्याएवढा झाला आणि करपला. जे काही पिकलं त्यातलं सरकारी माणसं वसुली म्हणून घेऊन गेली. कोठारं झाडून नेली हो, अक्षरशः झाडून. दुसऱ्या हिवाळ्यात लोक दाणे काढलेली कणसं दळून खाऊ लागले. झाडाची साल उकळू लागले. देवळात प्रार्थना चालू असताना माणसं उभ्या उभ्या खाली बसायची आणि काही उठायचीच नाहीत.

निस्तोरच्या घरात तेव्हा तो आणि त्याची पाच वर्षांची नात इलिंका, एवढेच उरले होते. मुलगा युद्धात गेला, सून तापानं गेली. निस्तोरनं मुलाचं कोरं घोंगडं आणि साफ्ताचे लग्नातले बूट घेतले, आगगाडीच्या टपावर बसून दक्षिणेकडे गेला आणि एक पोतं मका घेऊन आला. पोतं त्याच्या हक्काचं होतं, चोरीचं नव्हतं. पण घरी ठेवावं तर वसुलीवाले. म्हणून एका पहाटे त्यानं ते गाभाऱ्यात आणलं आणि उजव्या कोपऱ्यात झग्यांच्या पेटीमागे लपवलं. माझ्यामागे कोण येणार? पाद्रीबाबांची तर नजर गेलेली, त्यांना मेणबत्ती कुठं आहे तेही हातानं चाचपावं लागे.

आधी ते पोतं वसुलीवाल्यांपासून लपलं. मग चोरांपासून. आणि मग, कधी ते निस्तोरलाही कळलं नसेल, शेजाऱ्यांपासून. रोज संध्याकाळी तो वाडगाभर दाणे कोटाच्या खिशात भरायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. माझ्यापुढे लोक उपाशीपोटी गुडघे टेकत होते आणि माझ्यामागे मका होता. मी दोन्हीकडून क्रूस मिरवत मधे लटकत होतो. लाज वाटत होती, पण पडद्याला कुठं पाय असतात?

पुनरुत्थानाचा रविवार आला. त्या वर्षी सणाची रंगवलेली लाल अंडी नव्हती, कारण कोंबड्या केव्हाच खाऊन झाल्या होत्या. तरी लोक आले. "ख्रिस्त उठला आहे!" पाद्रीबाबांनी हाक दिली. "खरोखर उठला आहे!" असं उत्तर आलं, पण आवाज विहिरीतून यावा तसा. दार उघडलं. निस्तोरनं मला सारलं, पण अर्ध्यापर्यंतच. बायका उभ्या राहतात तिथून तो उजवा कोपरा सरळ दिसतो ना!

वार्वारा नावाची बाई पहिल्याच रांगेत होती. प्रार्थना संपताच ती पुढे आली.

"निस्तोरमामा, पडदा अर्धाच का?"

"कडं अडकलंय गं."

"मग सोडवा की!"

"सोडवतो. हातात जीव तर येऊ दे."

वार्वाराचा नवरा आर्तेनी घरी अंथरुणाला खिळला होता. स्वतःच्या ताटातलं पोरांना देत देत त्याचं पोट आता काही धरत नव्हतं. आणि त्याच्या मनावर एक ओझं होतं. युद्धात हात वर करून पाणी मागणाऱ्या एका शत्रूच्या शिपायाला त्यानं गोळी घातली होती. कबुली दिली, पाद्रीबाबांनी क्षमा सांगितली, तरी त्याची भीती जाईना. त्याचं एकच मागणं होतं, की या आठवड्यात मरण यावं, दार उघडं असताना.

म्हणून तो रोज बायकोला पाठवायचा. "जा, बघून ये, उघडं आहे ना?" आणि वार्वाराला खोटं बोलवेना. सोमवारी तिनं सांगितलं, अर्धं उघडं आहे. मंगळवारीही अर्धंच. तो म्हणाला, "मग थांबतो. अर्ध्या दारातून माझं ओझं जायचं नाही." विचार करा, मित्रांनो. माणूस मरायला टेकलेला, आणि माझ्या अर्ध्या कापडासाठी श्वास धरून बसलेला.

बुधवारी ती निस्तोरच्या पाया पडली. "मामा, तो तडफडतोय हो. तुम्हाला कड्यापर्यंत हात पुरत नसेल तर मी चढते."

"देवळात चढाचढी करायची नाही," निस्तोर तिच्यावर खेकसला. "उद्या बघू."

तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. पण घरी इलिंका होती, आणि पोत्यात तिचे दोन महिने होते. गावाला वाटून दिलं असतं, तर दोन जेवणं.

गुरुवारी दुपारी देऊळ रिकामं असताना वार्वारा आली. तिनं इकडे तिकडे बघितलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, दोन्ही हातांनी मला धरलं आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. कडी खणखणली. कडं अडकलेलंच नव्हतं, दोरीनं बांधलं होतं. दोरी तुटली नाही. मी फाटलो. वरून खाली, टर्रकन.

आणि तिला दिसलं. गाभाऱ्याच्या उंदरानं पोत्याला भोक पाडलं होतं. गावात तेवढा एकच जीव धष्टपुष्ट होता. पेटीपासून उंबऱ्यापर्यंत पिवळे दाणे सांडले होते आणि खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं होतं.

ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिच्या पोटाचा आवाज मला ऐकू येत होता. पोतं सात पावलांवर होतं आणि अडवायला कोणी नव्हतं. पण तिनं पाय उचलला नाही. जन्मात कोणी बाई त्या उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. ती खाली वाकली, बाहेरूनच हात लांबवला आणि हाताला लागले तेवढे दाणे उचलले. नऊ होते. एकही तोंडात टाकला नाही. मुठीत घट्ट धरून ती धावत गेली. त्याच संध्याकाळी आर्तेनीसाठी घंटा वाजली, आणि ती वाजवली निस्तोरनंच.

घंटा वाजवून तो आत आला, मला बघितलं, भिंतीला टेकला आणि मग सांडलेले दाणे गोळा करू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याच्या मनात तर भर दुपार झाली. कोणी पाहिलं? कधी बोलेल? शुक्रवारी पाद्रीबाबांच्या हाताला माझी फाट लागली.

"हे काय रे?"

"उंदीर झालेत, बाबा."

पाद्रीबाबांनी बोटांनी ती फाट वरपासून खालपर्यंत चाचपली. "उंदीर खालून कुरतडतात, निस्तोर. हा वरून फाटलाय. ख्रिस्त मेला तेव्हा जेरुसलेमच्या देवळातला पडदा फाटला होता तसा." एवढंच बोलून ते निघून गेले.

शनिवारी आर्तेनीला देवळात आणलं. या आठवड्यात मेलेल्याला रडकी गाणी म्हणत नाहीत, पुनरुत्थानाचीच म्हणतात. शवपेटी उघड्या राजदारासमोर ठेवली. निस्तोर गात होता. मग शेवटचा निरोप घ्यायला एकेक जण वाकू लागला. आमच्याकडे मेलेल्याच्या हातात एक नाणं देतात, वरच्या जकातनाक्यांसाठी. निस्तोर वाकला, रीतीप्रमाणे त्यानं मृताच्या हाताला हात लावला. ती मूठ सैल पडली. आत नाणं नव्हतं. नऊ पिवळे दाणे होते.

गाणं मधेच थांबलं. निस्तोरनं वर बघितलं. शवपेटीच्या पलीकडे वार्वारा उभी होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

निस्तोर वळला आणि गाभाऱ्यात शिरला. मधल्या राजदारातून फक्त पाद्रीनं जायचं असतं, ती रीत त्याला आठवलीच नाही. झग्यांची पेटी ढकलल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्या गावासमोर, माझ्या फाटक्या अंगाला घासत, तो पोतं ओढत बाहेर आला. भोकातून दाण्यांची रेघ पडत होती. कोणीतरी किंकाळी फोडली. एक गडी मूठ वळून पुढे झाला. "हरामखोरा! माझी आई मेली रे पंधरवड्यापूर्वी!"

"मार," निस्तोर म्हणाला. "पण आधी चूल पेटव."

पाद्रीबाबा म्हणाले, "आर्तेनीचं जेवण झाल्याशिवाय कोणी कोणावर हात उचलायचा नाही." आणि जेवल्यावर कोणी उचलला नाही.

देवळाच्या अंगणात मक्याची मामालीगा, म्हणजे घट्ट लापशी, शिजली. मेलेल्याच्या नावानं गावाला जेवू घालायची रीत त्या वर्षी कोणालाच परवडली नव्हती. आर्तेनीची रीत झाली. लोक चमच्याला चिकटलेलं चाटत रडत होते. दोन जेवणांत पोतं संपलं, निस्तोरनं हिशेब केला होता तसंच. त्याच शनिवारी दुपारी त्यानं दार लावलं आणि मला ओढलं.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण खरं तेच सांगायला हवं. जव पिकायला अजून वेळ होता. वार्वारा रानातला चाकवत खुडून आणायची आणि उकळून त्यातला अर्धा इलिंकाला द्यायची. पण पोर वाळतच गेली. जूनमधल्या एका साध्या मंगळवारी निस्तोर देवळात धावत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं रडला. वार्वारा मागोमाग आली.

"ती विचारतेय," तो म्हणाला, "दार उघडं आहे का म्हणून. कोणी सांगितलं गं तिला? आज तर बंद आहे सगळं. आणि मी तुझ्या माणसाला..."

वार्वारा म्हणाली, "त्यानं विचारलं होतं, आत काय दिसलं म्हणून. मी मका सांगितला नाही. उजेड दिसला म्हणाले. हसला तो, आणि गेला. गावाला सांगितलं असतं तर तुम्हाला जिवंत ठेवलं नसतं, मग त्याच्यापुढे गायला कोण होतं?"

तिनं राजदाराचा अडसर काढला. वर्षातले दिवस कोणते, रीत काय, काही बघितलं नाही. दोन्ही दारं उघडली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि मला एका बाजूला पूर्ण सारून हातानं धरून ठेवलं. मला बांधून ठेवायची ती दोरी निस्तोरनं केव्हाच काढून टाकली होती, सोडलं की मी परत मिटायचो.

"जा आता," ती म्हणाली. "सांगा पोरीला, सताड उघडं आहे. आणि खरंच उघडं आहे, मामा. मी धरलंय."

निस्तोर धावला. वार्वारा उभी राहिली. मधे पाद्रीबाबा चाचपडत आले, त्यांचा हात तिच्या उचललेल्या हाताला लागला. ते शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही मला धरलं. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं, तेव्हा इलिंकासाठी घंटा वाजली. त्यानंतरच तिनं हात सोडला.

माझी फाट नंतर तिनंच शिवली. साफ्ताच्याच सुतानं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. मला उन्हात वाळवा, कसरीपासून जपा, एवढं तर मागेनच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. मी देवाचं तेज झाकतो असं मला शिकवलं होतं. त्या गुरुवारी माझ्यामागे ते दाण्यांवर सांडलं होतं, आणि त्या मंगळवारी ते माझ्यापुढे, एका उपाशी बाईच्या हातात होतं. म्हणून कोणी तुम्हाला विचारलं, दार उघडं आहे का, तर उगाच हो म्हणू नका. जाऊन बघा. बंद असेल तर उघडा, आणि त्याचं काम होईपर्यंत धरून ठेवा.